दगडाबाईची सूज

दगडाबाईला जाग आली, पण डोळे उघडेनात. तिला वाटलं, अजून झुंजुमुंजू व्हायचंय. मग अंगणात राजेश्रीनं बादली ठेवल्याचा आवाज आला, गोठ्यात म्हशीनं साखळी ओढली, आणि दिवस वर आल्याचं तिला कानांनी कळलं. बोटांनी चाचपलं तर पापण्या टम्म फुगलेल्या. खालचा ओठ दुसऱ्या कुणाचा असावा तसा जड लोंबत होता.

"राजेश्री," तिनं हाक मारली. "इकडं ये गं माय. बघ बरं, काय झालं मला."

सून पदराला हात पुशीत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आत्याबाई, पुन्हा?"

संक्रांतीपासून हे असंच चाललं होतं. मधले काही दिवस बरे जायचे आणि मग अचानक अंगावर गांध्या उठायच्या. खाजवून खाजवून जीव नकोसा व्हायचा. कधी डोळा सुजायचा, कधी ओठ. एक-दोन दिवसांत आपोआप उतरायचं. गावातल्या बायका म्हणाल्या, पित्त आहे. तिला घोंगडीत गुंडाळून निजवलं, आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं. आठवडी बाजाराला ताडकळसला गेल्यावर डॉक्टरला दाखवलं, त्यानं खाज थांबायची गोळी दिली आणि खाण्यातून होत असेल, लक्ष ठेवा, असं सांगितलं.

आश्रुबा धारेची चरवी घेऊन आत आला. बायकोकडं बघून चरवी खाली ठेवायची विसरला.

"रातच्याला काय खाल्लं हुतंस?"

"वांग्याचं कालवण. समद्यांनीच खाल्लं की."

"मंग आजपासून वांगं बंद कर."

असं एकेक बंद होत गेलं होतं. आधी शेंगदाणे बंद झाले. मग तुरीचं वरण, मग अंबाडीची भाजी, अंडं. आता वांगं गेलं. उरली ज्वारीची भाकरी, दूध आणि मीठ. साठीकडं झुकलेलं शरीर, त्यात हळद काढणीचे दिवस. दगडाबाईच्या गळ्याची हाडं वर आली होती.

तरी ती रानात गेली. सूज घेऊन घरात बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. मुलगा भागवत हळद शिजवायच्या कुकरवर कामाला, सगळा हंगाम तो वसमतकडं गावोगाव फिरायचा. घरच्या हळदीला म्हातारा, म्हातारी आणि सून, शिवाय बबिताच्या टोळीतल्या बायका. ट्रॅक्टरनं वाफे उलटवून ठेवले होते. ढेकळांतून कंद उचलायचे, माती झटकायची, गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं. उकिडवं बसून पुढं पुढं सरकत राहायचं. सकाळी ओल्या मातीचा गारवा तळपायाला लागायचा आणि दुपार होईतो तीच माती चटके द्यायची. बोटं पिवळी, नखं पिवळी, घाम पुसून पुसून कपाळ पिवळं. संध्याकाळी उठायच्या वेळी दगडाबाई दोन्ही हात जमिनीला टेकून आधी कंबर वर करायची, मग एकेक गुडघा. त्या वेळी ती दुसऱ्या बायकांकडं बघायची नाही.

दुपारी भाकरी खायला सगळ्या बाभळीखाली बसल्या, दगडाबाई मात्र पलीकडच्या सावलीत आडवी झाली होती. राजेश्री पाण्याची कळशी घेऊन बांधामागून येत होती. बांधापलीकडं बबिताचा आवाज दबका होता, पण ऐकू येण्याइतका होता.

"हळदीनं सुजली म्हणावं तर ही जल्माची हळदीत हाय. मधी देवगाव फाट्याला भैणीकडं राहून आली. तिथं वांगं खाल्लं, वरण खाल्लं, एक गांधी उठली न्हाई. अन् घरला आली की सुजली."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? घरी रांधतंय कोण?"

राजेश्रीनं कळशी खाली ठेवली. थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग पुन्हा उचलून चालत आली आणि कुणाकडं न बघता सगळ्यांना पाणी वाढलं.

त्या दिवसापासून तिनं एक सुरू केलं. सासूच्या ताटात भाकरी वाढली की तिचाच एक तुकडा मोडायचा, दुधात बुडवायचा आणि आपल्या तोंडात घालायचा. मग ताट पुढं सरकवायचं. दगडाबाईनं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं.

"असं काय करायलीस गं?"

"मीठ बघायले."

"दुधा-भाकरीचं?"

राजेश्री चुलीत लाकूड सारत राहिली. या पोरीला लग्न करून आणली त्या वर्षी ती तापानं फणफणली होती तेव्हा दगडाबाई तिच्या उशाशी बसून राहिली होती. दोघींत कधी उणा शब्द नव्हता. बायकांची कुजबूज दगडाबाईच्याही कानावर आली होती, पण आता काय बोलावं ते तिला कळेना. माझा तुझ्यावर वहीम नाही, असं म्हणायचं तर वहीम हा शब्द घरात आणावा लागणार. म्हणून ती गप्प बसली, आणि राजेश्रीनं त्या गप्प बसण्याचा दुसराच अर्थ लावला.

भागवतचा फोन आला. आईची सूज ऐकून तो म्हणाला, "राजी, तू तेल-मसाला नीट बघून वापरतीस ना?" राजेश्री "हां" म्हणाली आणि फोन सासऱ्याच्या हातात देऊन परसात गेली.

संध्याकाळी आश्रुबा हातपाय धुऊन बजरंगच्या दुकानावर जायचा. हे मात्र काही वर्षांपासूनचं होतं. बोलायला माणूस मुलखाचा आखडता. बायकोला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. बाजारातून तिच्यासाठी म्हणून त्यानं कधी काही आणलं नव्हतं, म्हणजे आणलं तरी ते पिशवीतल्या सामानातच असायचं, मुद्दाम हातात दिलेलं नसायचं. पण एका सुगीत ती गुडघे धरून रडली, तेव्हापासून कामाचा दिवस जड गेला की तो दुकानातून अंगदुखीची गोळी आणायचा. बजरंगकडं कधी पिवळी असायची, कधी लाल. जेवण झालं की आश्रुबा तांब्या भरून तिच्याजवळ यायचा, सदऱ्याच्या खिशातून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवायचा.

"घे. न्हाईतर सकाळी उठता यायचं न्हाई."

ती गिळेपर्यंत तो उभा राहायचा. मग रिकामा तांब्या घेऊन जायचा. एवढंच. पण दगडाबाईचं निम्मं दुखणं तो तांब्या घेऊन येतानाच उतरायचं.

शेवटचा वाफा राहिला त्या दिवशी, उद्यापासून बायकांना दुसऱ्या रानात जायचं होतं म्हणून, सगळ्यांनी दिवस मावळेपर्यंत काम ओढलं. दगडाबाईला घरापर्यंत चालवेना. राजेश्रीनं तिला खांद्याचा आधार देऊन आणलं. दूध-भाकरी खाल्ली. आश्रुबा त्या दिवशी दोन गोळ्या घेऊन आला. एकीनं आज भागायचं नाही, असं त्याला वाटलं.

भांडी घासून राजेश्री आत आली तर सासू भिंतीला टेकून बसलेली, एक हात गळ्यावर.

"काय झालं?"

"गळ्यात आडायलंय काईतरी." आवाज घोगरा होता. मानेवर, दंडावर लाल गांध्या एकमेकींत मिसळत चालल्या होत्या. बघता बघता ओठ फुगले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"मामा!" राजेश्री ओरडली. "मामा, भुजंगभाऊला बोलवा! टेम्पो काढा म्हणावं!"

आश्रुबा अनवाणी पळाला. भुजंगनं हळदीची पोती भरलेला टेम्पो तसाच आणला. पोत्यांवर ताडपत्री टाकून दगडाबाईला निजवलं, पण निजल्यावर श्वास जास्तच अडकायला लागला. मग राजेश्रीनं तिला आपल्या छातीशी टेकवून बसतं धरलं. पूर्ण्यापर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला ती "माय, माय" म्हणत होती, आणि सासूला म्हणत होती की देवाला, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. आश्रुबा पोत्यावर पुढं वाकून बायकोच्या तोंडाकडं बघत होता.

पूर्ण्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारपूस नंतर केली. आधी मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, हाताला सलाईन. थोड्या वेळानं छातीतली शिट्टी मंदावली. दगडाबाईनं लांब श्वास घेतला. तो आत पूर्ण गेला तेव्हा आश्रुबा खाटेचा दांडा धरून खाली बसला.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"दूध-भाकर."

"काही औषधं, गोळ्या चालू आहेत?"

"न्हाई साहेब. बीपी न्हाई, शुगर न्हाई. कशाचीच गोळी चालू न्हाई." आश्रुबा खरंच सांगत होता. गोळी चालू असणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. तशी गोळी बजरंगच्या भावाला होती, रोज सकाळची, हृदयासाठी.

"स्वयंपाक कोण करतं घरी?" सिस्टरनं सहज विचारलं. भुजंगनं राजेश्रीकडं बघितलं. आश्रुबानंही बघितलं. बघितल्यावर त्याला वाईट वाटलं, पण तोवर राजेश्रीनं मान खाली घातली होती.

सकाळी घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, "परभणीला सुमंगला मॅडम आहेत, ॲलर्जीचं त्या बघतात. त्यांच्याकडं जा. टाळू नका. आज वेळेत आलात. हे कशानं होतंय ते शोधून काढावंच लागेल."

परभणीच्या दवाखान्यात गर्दी होती. नंबर येईपर्यंत तिघं बाकावर बसली, मधे दगडाबाई. डॉक्टर सुमंगला पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी आधी दगडाबाईचे हात हातात घेऊन पिवळ्या बोटांकडं बघितलं.

"हळद चालली आहे का?"

"झाली कालपरवा. शिजवायची ऱ्हायली."

"बरं. मावशी, ज्या दिवशी गळा धरला ना, तो दिवस मला सांगा. उठल्यापासून."

"उठल्यापासून?"

"हो. सगळं. मला घाई नाही."

दगडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. तिचा दिवस कुणी विचारावा, असं आजवर झालं नव्हतं. आधी ती अडखळली, मग लागली सांगायला. चहा घेतला, गुळाचा. म्हशीला वैरण टाकली. रानात गेले. कुठं बसले, काय उचललं, दुपारी भाकर कशासंगं खाल्ली. पाणी कुठलं पिलं. कंबर कशी धरली. सुनेनं कसं घरी आणलं. डॉक्टर मधेमधे नुसत्या "मग?" म्हणत होत्या.

"मग हातपाय धुतले. दूध-भाकर खाल्ली. मग ह्यांनी गोळ्या आणल्या त्या घेतल्या. अन् मग जरा भितीला टेकले, तर..."

"कसल्या गोळ्या?"

"कशाच्या न्हाई ओ. अंगदुखीच्या."

डॉक्टरांनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला.

"आणि त्याआधी कधी डोळे-ओठ सुजले असतील, त्याच्या आदल्या रात्री?"

दगडाबाई आठवू लागली. राजेश्रीच बोलली. "त्या दिवशी मोठा वाफा उपसला हुता. मामांनी गोळी आणली हुती. लाल."

"मधे कुठं परगावी गेला होता?"

"भैणीकडं. देवगाव फाट्याला," दगडाबाई म्हणाली. मग आवाज खाली आला. "तिथं समदं खाल्लं मी. वांगं, वरण. काईच झालं न्हाई."

राजेश्रीनं ओठ दाबून धरले. ही गोष्ट इथंही निघणारच होती.

"तिथं अंग दुखत होतं?"

"तिथं काम कुठं हुतं? खाऊन-पिऊन बसलेली हुते."

"मग गोळी?"

"कशाला घेते?"

आश्रुबाचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. परभणीचा प्रवास आहे, येताना तिचं अंग दुखेल, म्हणून त्यानं सकाळीच बजरंगकडून गोळ्या घेतल्या होत्या. त्यानं दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी दोन्ही वाचली. "बाबा, रंग वेगळे आहेत, पण भावकी एकच आहे यांची. एकीनं बाधलं की बहुतेक दुसरीही बाधते."

"चार-पाच साल खायलीय ओ ती. तवा कामून काई झालं न्हाई?"

"शरीर पुष्कळ दिवस सोसतं. मग एक दिवस सोसत नाही. गोळी पोटात गेल्यावर काहींना लगेच उठतं, काहींना काही तासांनी. तुम्ही रात्री द्यायचात, सूज सकाळी दिसायची, म्हणून संशय जेवणावर गेला."

"रगत तपासून सांगा की पक्कं."

"याची खात्री देणारी रक्ताची तपासणी नाही, बाबा. हे असं ऐकूनच समजतं."

राजेश्री पहिल्यांदा मान वर करून बोलली. "म्हंजी खाण्यातून न्हाई?"

"नाही. सगळं खाऊ द्या यांना. किती वाळल्या आहेत."

"सैपाकातून... काईच न्हाई?"

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिल्या. मग टेबलाला वळसा घालून तिच्या जवळ आल्या. "तुझ्या स्वयंपाकात काही नाही, बाळ. काहीच नाही."

राजेश्रीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दगडाबाईनं खुर्चीतूनच तिचा पदर धरला आणि तो तिचं रडणं संपेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. या गोळ्या पुन्हा घ्यायच्या नाहीत, सर्दी-तापाच्या मिसळलेल्या गोळ्याही विचारल्याशिवाय नाहीत, कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी हे सांगायचं. "पण दुखणं तर राहणार. वेगळ्या जातीची एक गोळी आहे, ती बहुतेकांना चालते. तुम्हाला चालते का ते इथं, आमच्या डोळ्यांसमोर, थोडी थोडी देऊन बघायचं. दिवसभर थांबावं लागेल. खाजेची गोळी काही दिवस आधी बंद करून या."

आश्रुबानं टेबलावरची पाकिटं तिथंच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी, वेचलेल्या हळदीच्या मुळ्या तोडायला बबिताची टोळी परत आली. दुपारी सगळ्या जेवायला बसल्या. राजेश्रीनं सासूसाठी वांग्याचं कालवण केलं होतं, शेंगदाण्याचं कूट घालून. डबा उघडला आणि सवयीनं तिचा हात पहिला तुकडा मोडायला गेला. दगडाबाईनं तो हात धरला. तुकडा कालवणात बुडवून सुनेच्याच तोंडात घातला.

"आता तू आपली जेव," ती म्हणाली. मग बायकांकडं वळली. "मी दुखायच्या गोळ्यांनी सुजत हुते. डाक्टरीणबाईनं शोधलं. भैणीकडं गोळी घेतली न्हाई म्हून सुजले न्हाई. अन् हे लेकरू इतके दिस माझ्या आधी घास खायलंय. तुमच्यापाई."

बबिताच्या हातातला घास तसाच राहिला. ती म्हणाली, "दगडाबाई, मी बोलले हुते. मला काय ठाव."

"ठाव नव्हतं ते बरुबर हाय. आता ठाव झालं. जितक्या जणींला ते सांगितलं तितक्या जणींला हे सांग."

बबितानं आपल्या डब्यातली मिरचीची चटणी उचलून राजेश्रीच्या भाकरीवर ठेवली. राजेश्रीनं ती खाल्ली. लगेच हसली मात्र नाही.

सगळं कळल्यावर त्याच रात्री भागवतचा फोन आला. "राजी, मी उगीच..." तो म्हणाला. "आल्यावर बोल," राजेश्री म्हणाली. पण आवाज नरम होता.

घरात एकच माणूस मोडल्यासारखं झालं होतं. संध्याकाळ झाली की आश्रुबा हातपाय धुवायचा, चप्पल पायात घालायचा आणि अंगणात नुसता उभा राहायचा. दुकानाकडं जायचं काम उरलं नव्हतं. जेवण झालं की ओट्यावर बसून अंधाराकडं बघायचा. बायकोच्या जवळ येत नव्हता. एकदा तिनं पाणी मागितलं तर त्यानं राजेश्रीला हाक मारली.

परभणीला जायचा दिवस जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "जायचं न्हाई."

"कामून?"

"पुन्हा गोळीच देणार ना? मी न्हाई देऊ देणार. गुडघे दुखले तर दुखू दे. रानात येऊ नको. बसून ऱ्हा. मी करतो समदं."

"उद्या पडले, हाड मोडलं, दाढ काढायची पाळी आली तर? काय घ्यावं ते ठाव नको? डाक्टरीणबाई समोर बसून देणार हायेत."

"पूर्ण्याच्या वाटंवर तू कशी दिसत हुतीस ते तुला ठाव न्हाई." त्याचा आवाज फाटला. "ह्या हातानं देली मी. दोन देल्या त्या दिवशी. जास्त दुखायलंय म्हून."

दगडाबाई उठली. भिंत धरत ओट्यापर्यंत आली आणि त्याच्या शेजारी बसली. अशी शेजारी ती कधी बसत नसे.

"आवो, मला काय गोळीची आस हुती?" ती म्हणाली. "तुमी तांब्या घिऊन येत हुता, उभं ऱ्हात हुता. तेवढ्यासाठी घ्यायची मी. कवाकवा दुखत नसलं तरी घेतलीय."

आश्रुबानं तिच्याकडं बघितलं.

"आता गोळी न्हाई तर तुमी यायचंच बंद केलं. हे कसलं?"

तो उठला. मग आत गेला, तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. ती पाणी पिईपर्यंत उभा राहिला.

"किती वाजता जायचं?" त्यानं विचारलं.

परभणीला खिडकीजवळची खाट मिळाली. राजेश्री घरी थांबली होती, हळद शिजवायची होती आणि भागवत कुकर घेऊन त्यांच्याच रानात येणार होता. प्राची नावाची सिस्टर हसऱ्या तोंडाची होती. तिनं दगडाबाईच्या हाताला सुई लावून ठेवली, इंजेक्शनं भरून ट्रेमध्ये मांडली आणि सगळं आश्रुबाला दाखवलं. "काही झालं तर हे लगेच. पळायचं नाही कुठं, टेम्पो शोधायचा नाही."

डॉक्टरांनी गोळीचा लहानसा तुकडा दिला. दगडाबाईनं तो गिळला. आश्रुबा स्टूल ओढून समोर बसला आणि तिच्या तोंडाकडं बघायला लागला. पापणी न हलवता.

"काय बघायलाव?"

"व्हट. सुजत्यात का ते."

"लगनात बी एवढं बघितलं न्हाई."

प्राची सिस्टर खुदकन हसली. दगडाबाईनं पदर तोंडावर ओढला तर आश्रुबा म्हणाला, "पदर काढ. दिसंना झालंय."

वेळ पुढं सरकत होता. सिस्टर यायची, हाताला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघायची, बाह्या वर करून कातडी बघायची. दुसरा तुकडा दिला, थोडा मोठा. मधेच दगडाबाईनं मान खाजवली. आश्रुबा स्टूल पाडून उठला. "सिस्टर! ओ सिस्टर! डाक्टरला बोलवा!" डॉक्टर धावत आल्या. मान बघितली, पाठ बघितली, छाती तपासली. मग बोटानं दाखवलं, मानेवर डास चावल्याचा एक बारका ठिपका होता.

"डास चावलाय, बाबा."

"नक्की?"

"नक्की. पण असंच ओरडा. बरोबर केलंत."

बाकीची गोळी पोटात गेली तेव्हा दुपार उतरली होती. आता नुसतं थांबायचं होतं. दोघांना असं काम नसलेलं बसणं माहीत नव्हतं. आधी हळदीचं बोलली. मग म्हशीचं. मग भागवत लहान असताना पूर्णेच्या पुरात त्याची टोपी वाहून गेली होती आणि आश्रुबानं तिच्यामागं उडी घेतली होती, ते निघालं. "टोपीमागं कोन उडी मारतंय?" दगडाबाई म्हणाली. "पोरगं रडत हुतं की," आश्रुबा म्हणाला. दोघं हसली. खिडकीतून गरम वारा येत होता. बोलता बोलता आश्रुबाचे शब्द लांबायला लागले.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. ओठ बघितले, जीभ बघितली, पाठीला स्टेथोस्कोप लावला.

"मावशी, चालली तुम्हाला ही गोळी. पण रोज नाही हं. फारच दुखेल तेव्हा, आणि मला विचारून. गुडघ्यांसाठी व्यायाम दाखवते. आणखी थोडं थांबा आणि मग घरी जा."

"बरं माय."

"बाबांना सांगा—" डॉक्टर वळल्या आणि थांबल्या. आश्रुबा स्टुलावर बसल्या बसल्याच खाटेवर डोकं टेकून झोपला होता. तोंड उघडं, टोपी बाजूला पडलेली. एक हात दगडाबाईच्या पायाच्या घोट्यावर होता, घट्ट.

थोड्या वेळानं प्राची सिस्टरनं सुई काढली, कापूस दाबला. "मावशी, झालं. आता जाऊ शकता तुम्ही. उठवू का त्यांना?"

एकाच जागी बसून दगडाबाईचे गुडघे आखडले होते. पाय सरळ करावासा वाटत होता. पण पाय हलवला असता तर तो हात सुटला असता.

"नगं बाई," ती हळूच म्हणाली. "झोपू द्या जरा. लय दिसाचे जागे हायेत."

सिस्टरनं खिडकी अर्धी लोटली. दगडाबाई तशीच बसून राहिली, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर बसू बघणारी माशी पदराच्या टोकानं वारीत राहिली.